उंबरठ्यावर ठरतं साथीतलं नेतृत्व

मुंबईच्या आर्थर रोडवर, म्हणजे आताच्या साने गुरुजी मार्गावर, कस्तुरबा रुग्णालय आहे. संसर्गजन्य रोगांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालिकेनं ते उभारलं आणि तेव्हा ते आर्थर रोड रुग्णालय म्हणून ओळखलं जाई. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव या रुग्णालयावर चालून गेला. शहरात प्लेग शिरला होता, पालिकेची माणसं रुग्णांना घरातून उचलून इथं आणत होती आणि इथं आणलेला माणूस जिवंत परत येत नाही, असं चाळीचाळींतून बोललं जात होतं. मार्च २०२० मध्ये याच रुग्णालयात मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्ण दाखल झाले. या वेळी दारापाशी जमलेले लोक तपासणी करून घ्यायला आले होते. शहर तेच आणि मरणाची भीतीही तेवढीच. मग एकदा दगड आणि एकदा रांग, हे कसं झालं? लोक शिकले, विज्ञान पुढं गेलं, हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. एप्रिल २०२० मध्येच इंदूरच्या एका वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली होती. त्यामुळे फरक शोधायचा तर लोकांच्या समजुतीइतकाच तो कारभार करणाऱ्यांच्या वागण्यातही शोधावा लागतो.

हा शोध सोपा करणारी एक गोष्ट आपल्या इतिहासात आयतीच सापडते. दोन्ही साथींत सरकारच्या हातात कायदा एकच होता. रुग्णालयावरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, ब्रिटिश सरकारनं साथरोग कायदा केला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं तोच लागू केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ पसरू नये म्हणून सरकारला वाटतील ते नियम करता येतील, प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळं ठेवता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्‌भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढाच त्याचा सारांश. अधिकाराचं माप यात भरपूर आहे. मात्र आजारी माणसाला खाट मिळेल का, घरात कोंडलेल्या माणसाला जेवण कोण देईल, त्याच्या बुडालेल्या रोजगाराचं काय, याबद्दल एक शब्द नाही. अधिकार सारखाच असताना एकाच कायद्याखाली इतके वेगळे परिणाम झाले, तर निर्णायक गोष्ट अधिकाराच्या बाहेर असली पाहिजे. ती म्हणजे लोकांचा विश्वास. साथीच्या काळात सरकारी नेतृत्वाचं खरं काम हाती आलेल्या अधिकाराचं विश्वासात रूपांतर करणं हे असतं. मंत्रालयातली बैठक किंवा दूरचित्रवाणीवरचं भाषण यांत ते होत नाही. ते होतं घराच्या उंबरठ्यावर, सरकारच्या वतीनं दार ठोठावणाऱ्या माणसाच्या हातून.

हे सत्य १८९६ च्या मुंबईनं प्रशासनाला फार लवकर दाखवलं होतं. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी हा रोग प्लेग असल्याचं ओळखलं. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी आदेश काढला आणि प्लेगच्या रुग्णाला सक्तीनं रुग्णालयात हलवण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना मिळाला. वैद्यकीय तर्क साधा होता: रोगी वेगळा केला की रोग थांबेल. लोकांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र निराळं होतं. ज्या माणसाला आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हातून पाणी मिळणार होतं, त्याला अनोळखी ठिकाणी, परजातीच्या शेजारी, मरायला नेलं जात होतं. लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली आणि शहर सोडायला सुरुवात केली. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई बाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पडला. रुग्णालयावरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आदेश सौम्य झाला. घरी वेगळं ठेवण्याची सोय असेल तर रुग्णाला हलवू नये, असं ठरलं. यामागं स्नो यांची एक ठोस भीती होती. अफवांना घाबरून पालिकेचे सफाई कामगार शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. आयुक्ताचा कागदावरचा अधिकार कितीही मोठा असला, तरी तो शेवटी मैला उचलणाऱ्या माणसाच्या रोज कामावर येण्यावर उभा होता. ज्याला समाजानं सर्वांत खालची पायरी दिली, त्याच्या हातात त्या आठवड्यात शहराचं भवितव्य होतं.

पुण्यानं हा धडा घेतला नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला पुण्याच्या प्लेग निवारणासाठी आणलं गेलं आणि मार्चपासून घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्यासाठी सुमारे नऊशे सैनिक लावले गेले. गावातल्या माणसांवर विसंबून राहता येणार नाही, हे गृहीत धरलेलं होतं. सैनिक माजघरात आणि देवघरात बुटांसह शिरत, सामान बाहेर काढून जाळत, आजारी वाटणाऱ्याला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेत, अशा तक्रारींचा पाऊस पडला. बायकांच्या तपासणीवरून तर शहर संतापानं धुमसलं. तक्रारी मांडणाऱ्यांकडे प्रशासनानं अडथळा आणणारे म्हणून पाहिलं. त्यांतल्या नातू बंधूंना पुढं खटला न चालवता अटकेत ठेवलं गेलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट मारला गेला आणि काही दिवसांनी रँडचाही मृत्यू झाला. पुढं चापेकर फासावर गेले आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या घटनेचं स्थान सर्वांना माहीत आहे. पण आरोग्य प्रशासनाच्या दृष्टीनंही ती पुन्हा वाचायला हवी, कारण रोग आटोक्यात आणायला रँडच्या हाताखाली नेमलेल्या समितीनं शहराला रोगापेक्षा समितीचीच भीती घातली.

त्यातही सर्वांत शिकवणारी बाब अशी की, ज्या माहितीच्या जोरावर ही सक्ती चालली होती ती माहितीच अपुरी होती. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे माणसं छावणीत हलवली तरी रोगाचं मूळ घराच्या भिंतीत राहत होतं. रँडला हे ठाऊक नव्हतं, हा त्याचा दोष नाही. साथीत प्रत्येक प्रशासकाला अर्धवट ज्ञानावरच निर्णय घ्यावे लागतात. पण आपलं ज्ञान अर्धवट आहे हे जाणणारा प्रशासक लोकांचं ऐकण्यासाठी एक दार उघडं ठेवतो. त्याच काळात अशी दारं उघडणारी माणसं होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत पुण्याजवळ रुग्णांची सेवा करत होते आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच सावित्रीबाईंचा अंत झाला. टिळकांनी पुणे न सोडता हिंदू प्लेग रुग्णालय चालवायला मदत केली. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईतच जनरल गॅटेकर यांच्या समितीनं कडक तपासण्या सुरू ठेवल्या, पण वेगवेगळ्या समाजांना आपापली रुग्णालयं उघडू दिली आणि त्यांच्या पुढाऱ्यांना कामात ओढून घेतलं. परक्या ठिकाणाची भीती कमी झाली, तसे रुग्ण थोडे अधिक पुढं येऊ लागले. पुढं १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली, आणि शतक संपता संपता सरकारनं सक्तीचा हात बराच सैल केला. तोवर प्लेग देशभर पसरला होता. पुढच्या काही दशकांत त्यानं भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

स्वतंत्र भारतात प्लेगच्याच नावानं आणखी एका शहराची परीक्षा झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत खानदेशातून कामासाठी गेलेली मराठी कुटुंबंही होती. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. साथ लवकर ओसरली, पण शहराची अब्रू गेली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव तिथं पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी केलेल्या सुधारणांमध्ये दिखाऊ काही नव्हतं. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला आयुक्ताचे बहुतेक अधिकार देऊन टाकले. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर असायचं आणि दुपारी एकत्र बसून त्या दिवशीच्या अडचणी सोडवायच्या, असा शिरस्ता घातला. बेकायदा बांधकामं पाडताना मोठ्या माणसांचीही गय केली नाही. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांमध्ये सुरतचं नाव घेतलं जाऊ लागलं. अधिकार खाली सोपवला, तर तो कमी होत नाही, वाढतो, हे यातून दिसलं. वरचा माणूस प्रत्येक सहीसाठी अडून बसला, की खालचा माणूस निर्णय घेण्याऐवजी निरोप्या बनतो. साथीत निरोप पोहोचेपर्यंत रुग्ण दगावतो.

कोरोनाच्या काळात मुंबईनं याच वाटेनं जाऊन दाखवलं, आणि त्याचं सर्वांत कठीण उदाहरण धारावी आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागेत आठ ते दहा लाख माणसं, एका खोलीत आठ-दहा जण, बहुतेकांसाठी सार्वजनिक शौचालय. इथं पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला, तेव्हा सगळ्यांनी मोठ्या संहाराचं भाकीत केलं. शारीरिक अंतर पाळा आणि घरी राहा, हे दोन्ही सल्ले इथं निरर्थक होते. जी उत्तर वॉर्डाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या पथकानं वस्तीची खरी रचना समोर ठेवून उपाय आखले. शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. शाळा, मंगल कार्यालयं आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतली, कारण घरात विलगीकरण शक्यच नव्हतं. तिथं जेवण, औषध, डॉक्टर यांची सोय केली. महत्त्वाचं म्हणजे, धारावीत वर्षानुवर्षं दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी सुरू केली. या डॉक्टरांना वस्ती ओळखत होती. पोराचा ताप ज्यानं उतरवला, तो माणूस दारात उभा राहून ‘ऑक्सिजन मोजू या’ म्हणतो, तेव्हा दार उघडतं. ७ जुलै २०२० रोजी धारावीत केवळ एक नवा रुग्ण नोंदला गेला आणि १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या वस्तीचा जाहीर उल्लेख केला.

८ मे २०२० रोजी इक्बालसिंह चहल मुंबईचे आयुक्त झाले आणि त्यानंतर हीच पद्धत संपूर्ण शहराला लागू करण्याचा प्रयत्न झाला. तोवर खाटेसाठी सगळ्या शहराची झुंबड एकाच मध्यवर्ती दूरध्वनी क्रमांकावर पडत होती. नातेवाईक रुग्णवाहिका घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात हिंडत होते. मग पालिकेच्या २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू झाल्या. प्रयोगशाळांचे अहवाल एकत्र करून सकाळी वॉर्डनिहाय वाटले जात, वॉर्डातले डॉक्टर रुग्णाशी बोलत किंवा घरी जात, खरंच खाटेची गरज असेल तर तीही वॉर्डातूनच दिली जाई. यामुळे पैसेवाला आणि ओळखीचा माणूस खाट अडवून बसण्याला काही प्रमाणात चाप बसला. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं, तर ‘मुंबई महापालिका’ नावाच्या अगडबंब यंत्रणेऐवजी त्याला आपल्या भागातल्या एका डॉक्टरचा आवाज ऐकू येऊ लागला. बीकेसी, गोरेगाव, वरळी, मुलुंड, दहिसर इथली जम्बो केंद्रं हे या व्यवस्थेचं दिसणारं रूप होतं. पण त्या हजारो खाटा योग्य माणसापर्यंत पोहोचवणारी नळी वॉर्डातून जात होती.

इथं एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. धारावीत साथ ओसरली ती प्रशासनामुळे, की बहुतेकांना संसर्ग होऊन गेल्यामुळे? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सर्वेक्षण केलं. झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. हे वॉर्ड धारावीचे नव्हते, पण वस्ती तशीच दाट होती. म्हणजे प्रशासनानं विषाणूला अडवून धरलं, असा दावा टिकत नाही, आणि वस्तीचं तरुण वय हेही मृत्यू कमी राहण्याचं एक कारण असणार. हे सगळं मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. संसर्ग झालाच असेल तर तो झालेल्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न नेतृत्वाचा आहे. ताप आलेला माणूस लपला की पुढं आला, त्याला वेळेत ऑक्सिजन मिळाला की नाही, भुकेपोटी वस्ती रस्त्यावर उतरली की नाही? धारावीत लोक पळाले नाहीत आणि पथकांवर दगड पडले नाहीत. १८९६ च्या मुंबईत याच्या उलटं घडलं होतं. विषाणूचा वेग प्रशासनाच्या हातात थोडाच असतो, पण भीतीचा वेग बऱ्याच अंशी असतो.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की साथ ही लढाई आहे, लढाईत मतं विचारत बसायला वेळ नसतो, कठोर हातच हवा. यात तथ्य आहे. धारावीतही गल्ल्या बंद केल्या गेल्या आणि माणसांना घराबाहेर नेऊन वेगळं ठेवलं गेलं. पण त्या सक्तीबरोबर जेवण, खाट आणि डॉक्टर आला. रँडच्या सक्तीबरोबर बूट आला. फरक सक्तीच्या प्रमाणापेक्षा तिच्या सोबतीला काय आलं, यात आहे. जिथं सोबतीला काहीच आलं नाही, तिथलं चित्र आपण २०२० मध्येच पाहिलं. २४ मार्चच्या रात्री आठला देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती सुरू झाली. चार तासांत परगावच्या मजुरानं घरभाडं, मजुरी आणि शिधा यांचा हिशेब कसा लावायचा, याचं उत्तर आदेशात नव्हतं. लाखो लोक चालत निघाले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. आदेश कठोर होता, म्हणून हे घडलं नाही. आदेश पाळण्यासाठी माणसाला काय लागेल, याचा विचार आदेश देण्याआधी झाला नाही, म्हणून घडलं. आणि ज्या गोष्टी लोकांच्या अंतःकरणाशी निगडित आहेत, त्यांतसुद्धा विचारून केलेला बदल टिकतो, याचा पुरावाही त्याच वर्षी मिळाला. पालखी संस्थानांच्या प्रमुखांशी बोलून पायी वारी रद्द करण्याचं ठरलं आणि माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. सार्वजनिक गणपतीची उंची चार फुटांवर आली आणि लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. ज्या महाराष्ट्रानं १८९७ मध्ये देवघराच्या उंबऱ्यावरून रान पेटवलं, त्यानंच २०२० मध्ये शेकडो वर्षांची पायी वाट आपणहून थांबवली.

विश्वासाची दुसरी बाजू सत्याची आहे, आणि तिथं मुंबईचं वागणं सरळ रेषेत गेलं नाही. जून २०२० मध्ये राज्यानं आधी न मोजलेले १३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले, त्यांत ८६२ मुंबईतले होते. टीका झाली आणि ती होणं रास्त होतं, कारण रोजच्या आकड्यांवर लोक आपलं वागणं ठरवत होते. तरीही चूक दुरुस्त करून जाहीर करणं हे चूक झाकण्यापेक्षा शंभरपट बरं. त्याच सुमारास चाचणीचा बाधित अहवाल थेट रुग्णाला न देण्याचा नियम महापालिकेनं केला होता. घाबरून लोक खाटांसाठी धावतील, त्याऐवजी पालिकाच संपर्क साधेल, असा विचार त्यामागं होता. सर्वोच्च न्यायालयानं रुग्ण आणि नातेवाइकांना अहवाल मिळालाच पाहिजे असं बजावलं. न्यायालयाचं म्हणणं बरोबर होतं. घाबरतील म्हणून लोकांपासून त्यांच्याच शरीराची माहिती दूर ठेवणं, हा पालकाचा पवित्रा असतो. नागरिकाला हा पवित्रा परका वाटतो आणि पुढच्या खऱ्या सूचनेवरही तो संशय घेऊ लागतो. भीती कमी करायची ती माहितीसोबत मदतीचा हात देऊन, आणि वॉर रूमनं नेमकं तेच करता येतं हे दाखवलं होतं.

साथीतलं नेतृत्व बहुतेक वेळा साथ नसताना ठरतं, याचं उदाहरण दोन अगदी वेगळ्या ठिकाणी दिसलं. १७ एप्रिल २०२१ च्या रात्री मुंबईतल्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला आणि १६८ रुग्णांना रातोरात जम्बो केंद्रांत हलवावं लागलं. हे रुग्ण वाचले, कारण त्या केंद्रांत ऑक्सिजनच्या मोठ्या टाक्या आणि नळ्या आधीच बसवलेल्या होत्या आणि पहिली लाट ओसरल्यावर केंद्रं मोडून टाकलेली नव्हती. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं, ते या व्यवस्थेबद्दल. दुसरं ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याचं नंदुरबार. आदिवासीबहुल आणि आरोग्याच्या सोयींत मागे राहिलेल्या या जिल्ह्यात, स्वतः डॉक्टर असलेले आणि भिल्ल समाजातून आलेले जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० पासून हवेतून ऑक्सिजन तयार करणारे संच बसवायला सुरुवात केली. नंतरच्या महिन्यांत रुग्ण घटले, देशभर आता संपलं असा सूर लागला, पण काम थांबलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरं टँकरसाठी हातघाईवर आली, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. ओसरलेल्या लाटेत खर्च करणं प्रशासकासाठी सर्वांत अवघड असतं. तेव्हा टाळ्या मिळत नाहीत, प्रश्न मात्र विचारले जातात.

यावर तिसरा आक्षेप निघतो. चांगल्या अधिकाऱ्यांच्या गोष्टी सांगून आपण व्यवस्थेचे दोष झाकत नाही का? मुंबई महापालिकेचा २०२०-२१ चा अर्थसंकल्प ३३ हजार कोटींहून अधिक होता. केईएम, नायर, सायन अशी अनेक दशकांची सार्वजनिक रुग्णालयं तिच्याकडे होती. एवढं असूनही शहरात अधिकृत नोंदीनुसार १९ हजारांहून अधिक माणसं गेली, आणि जम्बो केंद्रांच्या कंत्राटांबद्दल पुढं चौकशा झाल्या. हा आक्षेप या लेखाच्या म्हणण्याला तोडत नाही, उलट बळ देतो. वॉर्डाला अधिकार देता आला, कारण वॉर्ड नावाची यंत्रणा आधीपासून उभी होती. धारावीतल्या रुग्णाला पाठवायला सायनचं रुग्णालय होतं, कारण ते विकलं गेलं नव्हतं. घाईच्या खरेदीचा हिशेब मागणं हाही विश्वासाचाच भाग आहे, कारण हिशेब न देणाऱ्या सरकारवर पुढच्या साथीत कुणी विसंबायला तयार होत नाही. एकट्या अधिकाऱ्याच्या कर्तबगारीवर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे, कारण त्याची बदली होते. त्यानं घालून दिलेली पद्धत त्याच्या मागं चालते का, हीच त्याच्या नेतृत्वाची कसोटी.

आणि ही कसोटी लावली तर सर्वांत मोठी उणीव उंबरठ्यावरच दिसते. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशाताई आहेत. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या त्याच होत्या. पुढं लसीबद्दलचे गैरसमज दूर करतानाही त्याच पायऱ्या चढल्या. सरकारी भाषेत त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला आहे. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचं नाव अचूक होतं. ज्यांना आपण मदतनीस समजतो, त्या खरोखर नेतृत्व करत होत्या, कारण दार उघडावं की नाही हा निर्णय लोकांनी त्यांच्याकडे पाहून घेतला. स्नो यांना १८९६ मध्ये सफाई कामगारांबद्दल जे उमगलं होतं, ते आपण सव्वाशे वर्षांनंतरही वेतनश्रेणीत उतरवलेलं नाही.

कायद्याचंही तसंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षा आली, ती गरजेची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा आजच्या गरजांना अपुरा असल्याचं सांगितलं. नवा कायदा करताना सरकारला कोणते अधिकार हवेत, यावर भरपूर चर्चा होईल. त्याच्याच शेजारी दुसरी यादी लिहिली जायला हवी: माणसाला घरात बसायला सांगितलं तर त्याच्या घरात शिधा कोण पोहोचवेल, त्याची माहिती त्याला किती वेळात मिळेल, वॉर्डाला आणि तालुक्याला कोणते निर्णय वर न विचारता घेता येतील, आणि दार ठोठावणाऱ्या बाईच्या हातात त्या महिन्याचं पूर्ण वेतन असेल का. पुढची साथ कुठल्या विषाणूची असेल ते आज सांगता येत नाही. ती आली की गावागावांत, चाळीचाळींत कुणी तरी दारावर थाप मारणार, हे मात्र नक्की. ती थाप मारणारी बाई त्या घरानं साथीआधीच पाहिलेली असली पाहिजे: बाळाला पोलिओचा डोस पाजताना, बाळंतिणीची चौकशी करताना, म्हातारीचा रक्तदाब मोजताना. तिला ओळखून आतून कडी निघाली, तर वर बसलेल्यांनी आपलं काम आधीच केलेलं असेल.